या रविवारी नक्की

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि मी सांगतो तसं एक घर मनात उभं करा.

कोल्हापूरजवळ कळंब्याला, तलावाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अलीकडे एक गल्ली आहे. गल्लीत एक दुमजली घर. खाली घरमालक, वर भाडेकरू. घराच्या डाव्या अंगाला पत्र्याची शेड. पाऊस आला की त्या पत्र्यावर असा ताशा वाजतो की शेजारी उभ्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. दिसली शेड? आता तिच्यात एक मोटारसायकल लावा. थांबा, इतकी चकचकीत नको! दोन्ही चाकांतली हवा गेलेली, सीटवर मांजराच्या नखांचे ओरखडे, अंगावर निळी ताडपत्री... हां, आता बरोबर झाली.

ही गाडी तीन वर्षं अशीच उभी होती. का, ते पुढे कळेल. आधी पाऊस सुरू करा.

जुलैतल्या एका संध्याकाळी, तुम्ही आत्ता सुरू केलात तसल्याच पावसात, एक मुलगी स्कूटर घेऊन फाटकातून आत आली. तिचं नाव शिवलीला. मूळची गडहिंग्लजची. कोल्हापुरात रक्त तपासायच्या लॅबमध्ये तिला नोकरी लागली होती, आणि दोनच दिवसांपूर्वी ती वरच्या मजल्यावर, थोरल्या बहिणीकडे राहायला आली होती. स्कूटर शेडमध्ये घ्यायला गेली, तर मधोमध ही निळी ताडपत्री.

समोर ओसरीवर एक तरुण चहा पीत उभा होता.

"अहो पावणं," शिवलीलानं हाक मारली, "ही गाडी जरा सरकवता काय? माझी भिजाय लागलीया!"

तरुणानं कप कठड्यावर ठेवला. "पावण्या तुम्ही. मी हितलाच हाय."

"मग तर आणखी सोपं. सरकवा की."

"सरकत न्हाय ती."

"का? रुसलीया?"

"जाम हाय. म्हणजे... या रविवारी करणार हाय मी तिचं."

घरातून त्याच्या आईचा, चिमणाबाईंचा आवाज आला, "कुठल्या रविवारी, ते बी सांग की! तीन वर्सं ह्योच रविवार चाललाय!"

शिवलीला हसली. भिजलेली बट गालाला चिकटली होती, ती मागे सारायचंही तिला भान राहिलं नाही. तरुणाला मात्र त्या बटेचं फार भान आलं... त्यानं घाईघाईनं नजर वळवून ताडपत्रीला हात घातला. दोघांनी मिळून गाडीला जोर लावला. एक, दोन, तीन — गाडी हातभर सरकली, आणि पत्र्याच्या भोकातून ताडपत्रीवर साठलेलं सगळं पाणी त्याच्या डोक्यावर आलं.

"नाव काय तुमचं?" हसू आवरत तिनं विचारलं.

"आदर्श."

"अय्यो!" ती एवढंच म्हणाली, आणि गाडीकडं बघून पुन्हा हसली.

तेवढ्यात जिन्यावरून आठ वर्षांची सौंदर्या उतरली. शिवलीलाच्या बहिणीची मुलगी. तिचा पुढचा एक दात पडला होता, त्यामुळे बोलताना थोडी शिट्टी वाजायची.

"मामा, ही गाडी तुमची?"

"व्हय तर," डोकं पुसत आदर्श म्हणाला, "तुझ्या मामाचीच."

मुलांनो, हा 'मामा' नीट लक्षात ठेवा. अनोळखी माणसाला तुम्ही कधी काका म्हणता, कधी मामा. तोंडाला येईल ते. आदर्शला वाटलं, किती गोड हाक मारली पोरीनं! त्यानं पुढचा विचार केला नाही. पण सौंदर्या शिवलीलाला मावशी म्हणायची. आणि मावशीचा भाऊ आपला कोण लागतो?... सांगू नका आत्ताच. आदर्शला कळायला महिना लागला. तुम्ही निदान दोन पानं तरी थांबा.

रविवार आला. दुपारी शिवलीला खाली उतरली आणि शेडच्या खांबाला टेकून उभी राहिली.

"आज रविवार."

"व्हय की," आदर्श म्हणाला.

"मग?"

"मग... पाऊस हाय."

"पत्रा पण हाय."

आदर्श उठला. त्यानं ताडपत्री काढली, आतून एक लोखंडी पेटी आणली आणि एक घमेलं. घमेल्यात इंजिनाचे सुटे भाग होते. बोल्ट, वायसर, चकत्या, स्प्रिंगा, सगळे एकमेकांत गुंतलेले, वर तेलाचा काळा थर. उद्यमनगरात तो लेथवर काम करायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या यंत्रांचे भाग केसाइतक्या फरकानं बरोबर करून द्यायचा. आणि स्वतःची गाडी अशी घमेल्यात.

"एवढं येतंय तुम्हाला, मग हे असं का ठेवलंय?" शिवलीलानं विचारलं. तिच्या आवाजात चेष्टा होती.

आदर्श खाली बसला. एक स्प्रिंग उचलून बोटात फिरवत राहिला.

"इंजीन मी आणि अण्णांनी मिळून खोललं होतं," तो हळूच म्हणाला. अण्णा म्हणजे त्याचे वडील, गणपतराव. "मी खोलायचो, ते उजेडाला बॅटरी धरायचे. कुठला भाग कुठनं निघाला, त्यांच्या ध्यानात असायचं. पुढच्या रविवारी बांधायचं ठरलं... आणि बुधवारी अण्णा गेले." स्प्रिंग त्यानं परत घमेल्यात ठेवली. "इंजीन एकट्यानं बांधायचं काम न्हाय हे. कुणीतरी बॅटरी धराय पायजे."

पत्र्यावर पाऊस वाजत होता. पेटीत एक जुनी बॅटरी होती, लांब नळीची, हातात धरायची. ती शिवलीलानं उचलली, बटण दाबलं. चालू होती. मागचं झाकण तेवढं तुटलेलं, दोऱ्यानं बांधलेलं.

"कुठं धरू?" तिनं विचारलं.

आणि अशी, मुलांनो, तीन वर्षं अडलेली गाडी बांधायला सुरुवात झाली.

शिवलीलाला पहिल्या तासातच एक गोष्ट सहन होईना. आदर्श भाग पुसायचा आणि जमिनीवर ठेवायचा. नाव नाही, खूण नाही.

"आमच्या लॅबमध्ये असं केलं असतं तर मला घरी पाठवलं असतं," ती म्हणाली. "डबीला नाव लावलं नाही तर एकाची साखर दुसऱ्याच्या नावावर जाते. चांगला माणूस गोळ्या खात बसतो!"

ती वर गेली आणि येताना रिकाम्या प्लॅस्टिकच्या डब्या आणि चिकटपट्ट्यांची एक गुंडाळी घेऊन आली. छपाई तिरकी आली म्हणून लॅबनं टाकून दिलेली ती लेबलं होती. प्रत्येकावर छापलेलं: नाव, वय, तारीख.

लेबलं लिहायचं काम सौंदर्याकडं आलं. तिनं ते इतकं मनावर घेतलं की विचारू नका. 'नाव: किकची स्प्रिंग. वय: म्हातारी. तारीख: रविवार.' 'नाव: जाड वायसर. वय: माहीत नाही.' डब्या संपल्या तरी लेबलं उरली, तेव्हा तिनं एक लेबल आदर्शच्या लोखंडी पेटीवर चिकटवलं. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'नाव: मामा.'

आदर्शला ते फार आवडलं.

मग दर रविवारी दुपारी शेड भरायची. शिवलीला कागदात भडंग घेऊन यायची, आणि आदर्शचे हात तेलाचे असल्यामुळे त्याला खाता यायचं नाही. मग तो नुसता बघायचा. ती म्हणायची, "तोंड उघडा," आणि लगेच "सौंदर्या, भरव गं मामाला," असं म्हणून कागद सौंदर्याच्या हातात द्यायची. आदर्शचा उघडलेला जबडा जरा निराश होऊन मिटायचा.

एक अडचण मात्र होती. शिवलीलाला हाक काय मारायची? गल्लीत सगळे तिला ताई म्हणायचे. आदर्शला ताई म्हणायचं नव्हतं. आणि नुसतं 'शिवलीला' म्हणायला जीभ रेटत नव्हती. मग तो म्हणायचा, "बॅटरी... जरा डावीकडं."

एकदा अंधारून आल्यावर ती बॅटरी विझवून बसली.

"काय झालं?" अंधारात तो म्हणाला.

"बॅटरीला नाव हाय."

"म्हाईत हाय मला."

"मग घ्या की."

"घेतो की... रविवारी."

"आज रविवारच हाय!"

आदर्शनं मान इतकी खाली घातली की नाकाला तेल लागलं. शिवलीलानं हसू दाबलं, बॅटरी पुन्हा लावली आणि प्रकाश मुद्दाम त्याच्या नाकावर धरला.

पुढच्या रविवारी बॅटरीचं तुटकं झाकण नव्हतं. आदर्शनं लेथवर पितळेचं नवं झाकण करून आणलं होतं. आटे असे नेमके की अर्ध्या बोटानं फिरवलं तरी घट्ट बसायचं. "भारी झालंय," शिवलीला म्हणाली. आदर्शनं "व्हय?" म्हटलं आणि पुढं काहीच बोलला नाही. खरं तर बोलायचं होतं. पण गाडीसारखं तेही त्यानं पुढच्या रविवारवर टाकलं.

आणि इथेच घोटाळा झाला.

ऑगस्ट लागला. एका संध्याकाळी शिवलीलाची बहीण खाली आली. तिला सगळे अक्का म्हणायचे. सरळ, मोकळ्या मनाची बाई. ती ओसरीवर बसली आणि चिमणाबाईंना म्हणाली, "काकू, एक मागणं हाय. आमचा भाऊ तिकडं गडहिंग्लजला. औंदा राखीला त्याला यायला जमत न्हाय. आमची सौंदर्या आदर्शला मामा मामा म्हणून जीव टाकती. मामा म्हणजे आमचा भाऊच की! म्हटलं, शनिवारी दोघी बहिणी मिळून आदर्शलाच राखी बांधावी."

शेडमध्ये आदर्शच्या हातातला पाना खाली पडला.

आता सांगा, मुलांनो. मावशीचा भाऊ कोण? बरोबर. मामा! महिनाभर ज्या हाकेवर तो खूश होता, त्या हाकेनं त्याला शिवलीलाचा भाऊ करून टाकलं होतं.

"बांधून घेशील न्हवं?" अक्कानं प्रेमानं विचारलं.

नाही कसं म्हणायचं? आणि का नाही, ते कसं सांगायचं? आदर्शनं जिन्याकडं पाहिलं. जिन्यात शिवलीला उभी होती. तिनं एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदाच, आणि वाट पाहिली.

"घेतो की..." आदर्श म्हणाला.

शिवलीला वर निघून गेली. त्या संध्याकाळी पायऱ्यांवर तिची पावलं नेहमीपेक्षा मोठ्यानं वाजली.

शुक्रवारी आदर्शनं अर्धी रजा घेतली. इंजीन जवळजवळ बांधून होत आलं होतं. शिवलीला येईल असं त्याला वाटलं नव्हतं, पण दुपारी ती आली. बॅटरी घेतली आणि खांबाजवळ बसली. प्रकाश अगदी नेमका, जिथं हवा तिथं. आदर्शला तो प्रकाश फार गार वाटला.

"मला सांगायचं होतं..." तो म्हणाला.

"सांगा."

"म्हणजे... हे एवढं बांधून होऊ दे. मग... रविवारी..."

"या वेळी रविवारच्या आधी शनिवार येतोय," शिवलीला म्हणाली.

तेवढ्यात बॅटरीचा उजेड मंद झाला. सेल बदलायला तिनं पितळेचं झाकण फिरवून काढलं. झाकणाच्या आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, बारीक अक्षर ठोकलेलं होतं: 'शि'.

तिनं त्या अक्षरावरून अंगठा फिरवला. मग नवे सेल घातले, झाकण लावलं, घट्ट बसलेलं असूनही पुन्हा एकदा फिरवलं. पण आता प्रकाश आदर्शच्या हातावरून सारखा त्याच्या चेहऱ्याकडं सरकत होता.

शेवटचा बोल्ट बसला. तेल ओतलं. आदर्श उभा राहिला, किकवर पाय ठेवून जोर दिला. किक खाली गेली आणि तिथंच अडकली. वर येईना. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा अडकली. सगळे भाग पुसलेले, सगळे बरोबर, एकही उरलेला नाही, आणि तरीही गाडी चालेना.

"असं कसं?" आदर्श पुटपुटला. जिन्याआड उभी असलेली सौंदर्या हळूच मागं सरकली आणि वर पळाली.

शनिवारी सकाळी पाऊस थांबला होता. आठ वाजता सौंदर्या एकटीच खाली आली. नवा परकर, दोन वेण्या, आणि डोळे रडून लाल.

"मामा, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"न्हाय गं."

"त्या दोन डब्यांची लेबलं ओली होऊन पडली होती. जाड वायसर आणि पातळ वायसर. मी ती परत चिकटवली. पण कुठलं कुठल्या डबीचं ते मला कळलं नव्हतं... मी अंदाजानं लावलं. मग तुम्ही दर रविवारी छान छान म्हणत होता, म्हणून मला सांगवेना." तिनं नाक ओढलं. "रात्रभर मला तीच किक दिसत होती."

मुलांनो, मी बरीच वर्षं मुलांमध्ये काढली आहेत. चूक करणारी मुलं ढीगभर पाहिली. स्वतः उठून, नवा परकर घालून, चूक सांगायला येणारं मूल दिसलं की मला अजूनही टाळ्या वाजवाव्याशा वाटतात.

आदर्श तिच्यासमोर उकिडवा बसला. "आता सांगितलंस न्हवं? झालं तर. चल, दोघं मिळून बदलू."

त्यानं तेल काढलं, बाजूचं झाकण खोललं. सौंदर्यानं बॅटरी धरली. जाडच्या जागी पातळ आणि पातळच्या जागी जाड वायसर बसला होता. अदलाबदल केली, झाकण लावलं, तेल परत ओतलं. आता किक खाली गेली आणि टप्पकन वर आली. आदर्श त्या किककडं बघत राहिला. गाडीत काहीच बिघडलेलं नव्हतं. नाव तेवढं चुकीच्या डबीवर लागलं होतं.

पाचव्या किकला इंजीन खोकलं. सातव्या किकला पांढरा धूर सोडून धडधडायला लागलं. चिमणाबाई पदर तोंडाला लावून बाहेर आल्या. धूर विरला तेव्हा त्यांचे डोळे ओले होते, आणि तो सगळाच धुराचा दोष नव्हता.

दहा वाजता ओसरीवर पाट मांडला गेला. अक्का ताट घेऊन खाली आली. निरांजन, कुंकू, पेढे, एक लाल राखी. तिच्या मागं शिवलीला, मोरपंखी साडीत, रिकाम्या हातांनी. आदर्श पाटावर बसला. अक्कानं त्याचा उजवा हात पुढं ओढला. नखांत अजून तेल होतं.

राखी मनगटाला टेकली. आणि आदर्शनं हात मागं घेतला.

"अक्का, थांबा."

"काय रं?"

त्यानं सौंदर्याकडं पाहिलं. ती पेढ्यांकडं बघत होती. एवढीशी पोर! हिला जमतं, आणि...

"अक्का, मला बी एक चूक सांगायची हाय," तो म्हणाला. "ते मामाचं लेबल... चुकीच्या डबीवर लागलंय. सौंदर्याची न्हाय, माझी चूक. मला आवडलं म्हणून मी लावून घेतलं. मागनं कळलं तरी बोललो न्हाय. तुम्ही म्हणाल तर मी तुमच्या घरचं काय बी काम करीन, पण शिवलीलाचा... शिवलीलाचा भाऊ मला व्हता येणार न्हाय."

पहिल्यांदा त्यानं तिचं नाव घेतलं होतं. तेही दोनदा.

अक्काची राखी हवेत तशीच. मग तिनं सावकाश मान वळवली आणि धाकट्या बहिणीकडं पाहिलं.

"काय गं, तुझी राखी कुठाय? काल मी आणायला सांगितली होती न्हवं?"

शिवलीला खांबाला टेकली होती. तिनं बोटात पदराचं टोक गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"आणली न्हाय."

"का?"

शिवलीलानं आदर्शकडं बघितलं. ओठांच्या कोपऱ्यात तेच हसू होतं, पहिल्या दिवशीच्या पावसातलं.

"म्हटलं... रविवारी आणू," ती म्हणाली.

चिमणाबाईंना आधी हसू फुटलं. मग अक्काला. "साकु, साकु!" अक्का म्हणाली. तिला हसू फार झालं की ती पुरे म्हणायला कानडीत शिरायची. तिनं ताट खाली ठेवलं, राखी कमरेला खोवली. "अप्पांना, आमच्या वडलांना, गडहिंग्लजला जाऊन सांगायचं म्हणजे माझ्याच डोक्याला ताप! यालाच पाठवते त्या गाडीवरनं. पण काय रं, तिथं पोचेल न्हवं ती?"

"पोचंल की," आदर्श म्हणाला. "फकस्त..."

"आता काय फकस्त?"

"बॅटरी धरायला कुणीतरी लागंल. कायमचं."

"दिवसाढवळ्या?" शिवलीला म्हणाली.

"दिवसा बी."

ती शेडमध्ये गेली, पेटीतली बॅटरी उचलली, आणि लख्ख उन्हात, सगळ्यांसमोर, तिचा उजेड त्याच्या नाकावर धरला.

या सगळ्या गडबडीत सौंदर्याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. ती मात्र विचारात पडली होती. मामा नाही, तर मग कोण? मावशीच्या नवऱ्याला काय म्हणतात? तिनं बोटांवर काहीतरी मोजलं. मग एक पेढा तोंडात टाकला, शेडमध्ये जाऊन लोखंडी पेटीसमोर बसली, आणि नखानं जुनं लेबल खरवडायला लागली. ते निघेना. तेव्हा तिनं गुंडाळीतलं नवं लेबल काढलं आणि जीभ बाहेर काढून, सावकाश, एकही अक्षर चुकू न देता लिहिलं: 'नाव: काका.' वयाची जागा रिकामी ठेवली. तारखेपाशी ती थांबली.

"आज काय वार?" तिनं ओरडून विचारलं.

"शनिवार!" दोन आवाज एकदम आले.

सौंदर्यानं 'शनिवार' लिहिलं, लेबल जुन्या लेबलावर बरोबर बसवलं, आणि आता पडू नये म्हणून मुठीनं तीनदा ठोकलं.